दुप्पट माप

सुराबाया शहरातल्या त्या गल्लीत कासमुरीला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. नात त्याला ‘म्बाह’ म्हणायची, म्हणजे आजोबा, आणि बाकी झाडून सगळे ‘चाक धूर’. चाक म्हणजे थोरला भाऊ. धूर कशाचा, ते गल्लीत कोणाला सांगावं लागत नसे. एकवीस वर्षं हा माणूस खांद्याला डासांच्या धुराचं मशीन अडकवून शहरभर हिंडला होता. आता साठी उलटली, मशीन सोडून साडेपाच वर्षं झाली, तरी गल्लीने नाव काही सोडलं नाही. पूर्वी या हाकेने त्याची छाती फुगायची. आता कोणी ‘चाक धूर’ म्हटलं की तो पहिल्याच हाकेला ओ द्यायचा, दुसऱ्यांदा ऐकावं लागू नये म्हणून.

तसा माणूस साधा. कोणाच्या अध्यात ना मध्यात. तरुणपणी त्याने सायकलरिक्षा ओढली, मग गुडघे बोलायला लागले तेव्हा एका ठेकेदाराने त्याला धुराच्या कामावर घेतलं. त्या वर्षी डेंग्यूने शहर हैराण झालं होतं. पहिल्याच आठवड्यात लोकांनी त्याला बसवून कॉफी पाजली, आणि रिक्षावाल्याला आयुष्यात कधी मिळाला नव्हता तो मान मिळाला. खरं सांगायचं तर पुढचं सगळं घडलं ते त्या मानापायी.

काम मोठं ऐटीचं होतं. मशीनची दोरी ओढली की फटफटीसारखा आवाज व्हायचा आणि नळीतून पांढरा लोट सुटायचा. घरात शिरायचं ते थेट मागच्या खोलीपर्यंत, आणि तिथून उलट्या पावली दारापर्यंत यायचं, म्हणजे धूर समोर राहतो आणि आपण त्यात सापडत नाही. कासमुरी हे डोळे मिटून करायचा. तोंडाला ओला पंचा. ठेकेदाराने मुखवटा दिला होता, पण तो घातला की पोरं घाबरून रडायची आणि आत घामाची आंघोळ व्हायची, म्हणून तो खिळ्याला टांगलेला.

धूर येणार म्हटलं की गल्लीची धांदल बघण्यासारखी. सगळ्यांत आधी वळचणीचे पिंजरे खाली उतरायचे. घुमणारे, शीळ घालणारे, स्पर्धेत बक्षीस मिळवलेले पक्षी हातात धरून पुरुषमाणसं मोठ्या रस्त्यापर्यंत पळायची, कारण पक्षी त्या धुराने मरतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग मासे झाकायचे, मग भाताचं भांडं. माणसं शेवटी, आणि तीही दारातच गप्पा मारत उभी. जो धूर पक्ष्याला मारतो तो आपल्याला काय करत असेल, हा प्रश्न एकवीस वर्षांत एका बाईखेरीज कोणाला पडला नाही. पोरं तर लोटात शिरून लपाछपी खेळायची.

नियम असा होता की अर्धा तास बाहेर थांबायचं आणि मग दारंखिडक्या सताड उघडायच्या. गल्लीने त्यात आपली अक्कल घातली. एवढं फुकटचं औषध खिडकीतून घालवायचं कशाला? म्हणून बायका घरं संध्याकाळपर्यंत बंद ठेवत. “मुरू दे की जरा,” म्हणत, जसं काही लोणचंच घातलंय.

आणि औषध चांगलं की वाईट याची परीक्षा झुरळांवर. धूर सुटल्यावर गटारातून झुरळं बाहेर येऊन उताणी पडली तर चाक धूर जिंदाबाद. नाही पडली तर टोमणे.

“काय चाक, आज नुसतंच डिझेल का?”

“औषध विकलं वाटतं बाजारात! नवी चप्पल दिसतेय पायात!”

हे लोक हसत म्हणायचे, पण कासमुरीला झोंबायचं. त्याने आयुष्यात कोणाच्या बागेतला आंबासुद्धा न विचारता उचलला नव्हता. तेव्हा एका वर्षी त्याने काय केलं, डिझेलमध्ये औषध कालवताना आपल्या गल्लीपुरतं एकाऐवजी दोन मापं घातली. त्या दिवशी गटाराकाठी झुरळांचा सडा पडला. पाक सुगेंग, म्हणजे गल्लीचा निवडून आलेला म्होरक्या, त्याने सगळ्यांदेखत त्याचा हात हातात घेतला. तेव्हापासून आपल्या गल्लीला दोन मापं हा कासमुरीचा शिरस्ताच पडला. कोणाला सांगितलं नाही. प्रेमाने केलेल्या गोष्टीचा डांगोरा कशाला पिटायचा, असं त्याला वाटायचं.

त्याला टोकणारी एकच बाई होती, बू सुपिया, म्हणजे सुपियाबाई. ही डासांच्या अळ्या शोधायचं काम करायची. दर शुक्रवारी बॅटरी घेऊन घरोघर जायची, न्हाणीतल्या हौदात डोकवायची, फ्रिजमागचा ट्रे ओढायची आणि “घासा हे” म्हणून सांगायची. अशा बाईवर प्रेम कोण करणार? ती दिसली की बायका हौदाला झाकण घालून गायब होत.

“चाक,” ती म्हणायची, “तुझा धूर उडत्या डासाला लागतो. हौदातल्या अळ्या खुदुखुदु हसत बसतात. आणि डासाच्या पोटात जातं ते आपल्या छातीत जात नाही होय?”

“बू, मी हा धूर रोज खातो. बघ, कसा टुणटुणीत आहे!” तो म्हणायचा आणि छातीवर मूठ आपटून दाखवायचा. बघणारे हसायचे. बू सुपिया हसायची नाही.

मग त्याच्या मुलीला, युयुनला, मुलगी झाली. जावई मालवाहू बोटीवर, वर्षातले नऊ महिने पाण्यात, म्हणून बाळंतपण माहेरीच. वेनिंग हे नाव आजोबानेच ठेवलं. कासमुरीची बायको मुन्तिया जुन्या वळणाची, तिने पहिल्याच दिवशी बजावलं की पस्तीस दिवस पुरे होईपर्यंत बाळ-बाळंतीण उंबरा ओलांडणार नाहीत. पस्तिसाव्या दिवशी जावळ काढायचं, शेजारी गोड पेज वाटायची, आणि मगच बाळाने आभाळ बघायचं. गल्लीत सगळ्यांचं असंच झालेलं.

बाळ अठरा दिवसांचं असताना चार घरं पलीकडचा सात वर्षांचा पोरगा डेंग्यूने गेला. तीन दिवस ताप, पाचव्या दिवशी संपला. गल्लीची अन्नावरची वासनाच उडाली. बायका पोरांना कडेवरून खाली ठेवेनात. दुसऱ्याच सकाळी धूर ठरला आणि कासमुरी मशीन घेऊन आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला.

बू सुपियाने त्याला त्याच्या घराच्या दारात गाठलं. “बाळाला माझ्या घरी दे. मी पलीकडच्या रस्त्याला राहते, तिथे आज धूर नाही. आई आणि लेक, दोघी दोन दिवस राहतील.”

मुन्तिया आतून कडाडली, “पस्तीस दिवसांच्या आत उंबरा? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना सुपिया? दुसऱ्याच्या पोरीवर प्रयोग करू नको!”

“मग निदान तुमचं घर तरी सोड, चाक. एक घर राहिलं म्हणून काही आकाश कोसळत नाही.”

हे त्याला सहज करता आलं असतं. आपलंच घर, आपलंच मशीन, विचारणारं कोण होतं? पण चार घरं पलीकडे त्या पोराची इवलीशी चप्पल अजून पायरीवर होती. सगळ्या घरांना औषध द्यायचं आणि आपल्या नातीला उघड्यावर ठेवायचं, हे त्याच्या मनाला पटेना. “बू, तू अळ्या बघ,” तो म्हणाला. “माझी नात मी बघतो.”

युयुन बाळाला घेऊन मधल्या खोलीत बसली, मच्छरदाणीत. दाराच्या फटीला मुन्तियाने ओलं लुगडं लावलं आणि ती स्वतः बाहेर आली. कासमुरीने औषध कालवलं. दोन मापं घातली. मशीन उचललं, मागच्या खोलीत गेला आणि उलट्या पावली दारापर्यंत आला, घाई न करता, प्रत्येक कोपऱ्यात नळी फिरवत. मधल्या खोलीची लाकडी भिंत छताला टेकत नव्हती, वर हातभर जागा होती. ती भिंत त्याने स्वतःच बांधली होती. एवढं असूनही त्या सकाळी ती हातभर जागा त्याच्या ध्यानात आली नाही. घर त्याने तासाभराने उघडलं, इतरांसारखं संध्याकाळपर्यंत बंद ठेवलं नाही, एवढीच काय ती सवलत.

युयुन दाराशी आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. बाळ शिंकत होतं.

“झालं ना, बापाक?” तिने बापाला विचारलं.

“झालं. आता तुझ्या लेकीजवळ फिरकायची डासाची टाप नाही.”

वेनिंगला डेंग्यू झाला नाही. तिसऱ्या महिन्यात तिच्या छातीत घरघर सुरू झाली. पहिल्यांदा सगळे सर्दी म्हणाले. मुन्तियाने कांदा ठेचून तेलात कालवला आणि तो तिच्या पाठीला चोळला. पाचव्या महिन्यात बाळाच्या बरगड्या श्वासागणिक आत जायला लागल्या, ओठ निळे पडले, आणि कासमुरीने तिला छातीशी धरून शेजाऱ्याच्या स्कूटरवर दवाखाना गाठला. तिथे तिच्या एवढ्याशा तोंडावर वाफेचा मुखवटा चढवला, तेव्हा खिळ्याला टांगलेला आपला मुखवटा त्याला आठवला. त्याच आठवड्यात त्याने मशीन परत केलं. लोकांनी विचारलं, तर पाठ दुखते म्हणाला.

पाठ ठणठणीत होती. छातीही. दोन वर्षांनी एका तपासणी शिबिरात त्याला नळीत फुंकायला लावलं, तर नर्स म्हणाली, “आजोबा, पोरांना लाजवाल!” तो घरी आला आणि न्हाणीत जाऊन ढसाढसा रडला. रोज धूर खाणारा कोरडा राहिला होता आणि एक तास खाणारी पोर दम्याचा पंप ओढत होती. देवाने हिशेब कुठल्या वहीत मांडला होता, कोण जाणे.

वेनिंग गोड पोर होती. पळायला मिळत नसे म्हणून चित्रं काढायची. गल्लीतली पोरं शिवाशिवी खेळताना ही पायरीवर बसून पंच व्हायची आणि कोण बाद ते ओरडून सांगायची. चार वेळा ओरडली की खोकायची. कासमुरीने लवंगेची सिगरेट सोडली, घरात डासांची अगरबत्ती बंद केली, आणि दर शुक्रवारी हौद स्वतः घासायला लागला. बू सुपियाने बॅटरी मारून बघितलं आणि ती पुढच्या घरी गेली. तिने एकदा तरी ‘मी सांगत होते’ म्हणून ऐकवावं, असं त्याला वाटायचं. तिने कधी ऐकवलं नाही.

वेनिंग पाच वर्षांची असताना मोठ्या दवाखान्यातल्या छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे तिला नेलं. बाईंनी नीट चौकशी केली. घरात ओल आहे का, मांजर आहे का, कोणी सिगरेट ओढतं का.

“जन्मल्यानंतर पहिल्या महिन्यांत कसला धूर, फवारणी?”

“तसं काही नाही,” युयुन म्हणाली. “डेंग्यूचा धूर झाला होता एकदा, पण तो काय सगळ्यांकडेच होतो. आणि आमच्याकडे माझे वडीलच मारायचे, अगदी मापात.”

बाईंनी कासमुरीकडे बघितलं. “किती दिवसांचं होतं बाळ?”

“एकोणीस,” तो म्हणाला.

“घरात होतं?”

“घरातच.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “आजोबा, हा दमा कशाने झाला ते मला खात्रीने सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही. रस्त्यावरच्या गाड्या आहेत, घराण्यातूनही येतो. पण एवढ्या लहान जिवाच्या छातीत ते औषध जायला नको होतं. थोडंसुद्धा नको.”

सांगायची हीच वेळ होती. कासमुरीने तोंड उघडलं. तेवढ्यात युयुनने त्याच्या हातावर हात ठेवला. “डॉक्टर, बापाक आधीच मनाला लावून घेतात. त्यांनी चांगल्यासाठीच केलं होतं.” आणि त्याने तोंड मिटलं. डॉक्टरीणबाई खात्रीने ‘हो’ म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, तो जन्मभर मान खाली घालून राहिला असता. खात्रीने ‘नाही’ म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. आता दोन्ही नव्हतं, आणि दुसऱ्या मापाची गोष्ट तेवढी त्याच्या एकट्याच्या पोटात राहिली.

वेनिंगला सहा पुरी व्हायच्या आधीच्या पावसाळ्यात गल्लीत पुन्हा डेंग्यू आला. दोन मुलं दवाखान्यात पडली. सरकारी लोक म्हणाले, आधी अळ्या शोधा, हौद रिकामे करा, गरज वाटली तर धूर मग. बू सुपियाने शोधल्या. सगळ्यांत जास्त अळ्या सापडल्या खुद्द पाक सुगेंगच्या बक्षीसवाल्या पक्ष्याच्या पाण्याच्या वाटीत. गल्ली दोन दिवस हसली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा घाबरली.

रविवारी सकाळी गटारं साफ करून झाल्यावर गल्लीत चटया पसरल्या. भाजलेले शेंगदाणे आणि कॉफी फिरली. पाक सुगेंग उभा राहिला. “सरकारची वाट बघत बसलो तर पोरं हातची जातील. खासगी धूरवाले उद्या सकाळी येतायत, मी बोलावलंय. पण त्यांच्यावर माझा भरवसा नाही, पाणी घालतील. म्हणून औषध कालवणार आपला चाक धूर. काय चाक?”

टाळ्या पडल्या. कासमुरी बसल्या जागी म्हणाला, “मी नाही कालवणार.”

“पाठ दुखते का? मशीन उचलायचं नाहीये रे, नुसतं ढवळायचंय!”

“त्याच्या हातचं औषध म्हणजे काय होतं! झुरळं रांगेत येऊन मरायची!”

“भाव खातोय म्हातारा. अजून एक कॉफी द्या त्याला!”

सगळे हसले. तेव्हा पायरीवरून युयुन उठून आली. तिच्यामागे वेनिंग, हातात रंगीत खडू. दवाखान्यातल्या दोन मुलांपैकी एक वेनिंगच्याच वर्गातलं होतं, आणि युयुनला तीन रात्री झोप नव्हती.

“बापाक, असं काय करता?” ती म्हणाली. “तेव्हा तुम्ही केलंत म्हणून ही वाचली. चार घरांवर मृत्यू आला होता आणि हिला डास चावला नाही. हिला आता डेंग्यू झाला तर हिच्या छातीला झेपेल का? आपलं घर आधी करा. तेव्हा केलं होतं ना, अगदी तसंच करा.”

कासमुरीने वर बघितलं. नाही म्हणायला कारण पाहिजे होतं, आणि पाठीचं कारण आता पुरणार नव्हतं. बू सुपिया कडेला हौदाचा ब्रश घेऊन उभी होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

“तेव्हा मी दोन मापं घातली होती,” तो म्हणाला.

“कसली दोन मापं?”

“औषधाची. एक घालायचं असतं. मी आपल्या गल्लीला दोन घालायचो. त्या दिवशीही घातली. तू आत होतीस. ही आत होती. ती भिंत वरून उघडी आहे.”

पाक सुगेंग घसा साफ करून म्हणाला, “अरे, आता जुनी गोष्ट ती. आम्हीच म्हणायचो ना, कडक पाहिजे म्हणून…”

“तुम्ही म्हणायचात. घातलं मी.” कासमुरी लेकीकडे वळला. “डॉक्टर म्हणाल्या थोडंसुद्धा नको. मी तिथेच होतो, युयुन. तुझ्या शेजारी बसलो होतो आणि बोललो नाही.”

युयुन ओरडेल असं त्याला वाटलं. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने वेनिंगला कडेवर घेतलं, सहा वर्षांच्या पोरीला, जशी ती अजून तान्हीच आहे, आणि बराच वेळ तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

“वरून धूर आला ना, तेव्हा मला हिचं तोंडसुद्धा दिसत नव्हतं,” ती हळूच म्हणाली. “इतका दाट होता. आणि मला आनंद झाला होता, बापाक. म्हटलं, बघ वेनिंग, आजोबांनी आपल्याला सगळ्यांपेक्षा जास्त दिलंय. ती शिंकत होती आणि मी तिला म्हणत होते, घे, घे, मोठा श्वास घे.”